त्या प्रश्नावलीतल्या खुणा माझ्या होत्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पुरवठा साखळी आणि ईआरपी (म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) यांवरचा लेख वाचला. सॉफ्टवेअर नीट बसायचं असेल तर वरिष्ठांचा पाठिंबा ही पहिली गरज, प्रशिक्षण ही दुसरी, आणि हे आता 'आकडेवारीने सिद्ध' झालं आहे, असं लेखकाने म्हटलं आहे. लेख सोप्या भाषेत आहे आणि कष्टाने लिहिला आहे. पण 'आकडेवारीने सिद्ध' इथे मी अडखळले. कारण तसल्या आकडेवारीत थोडे आकडे माझेही आहेत.

मी 26 वर्षं पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये काढली, त्यातली शेवटची 11 प्रमुख म्हणून. आमच्याकडे ईआरपी आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी एक जाडजूड पाकीट आलं, प्लँट हेडच्या नावाने. आत आठ पानांची प्रश्नावली आणि सोबत एका संशोधक विद्यार्थ्याचं विनंतीपत्र. 'वरिष्ठ व्यवस्थापनाने प्रकल्पासाठी पुरेसा वेळ दिला.' 1 म्हणजे अजिबात मान्य नाही, 7 म्हणजे पूर्ण मान्य. साहेबांनी ते पंधरा दिवस टेबलावर पडू दिलं, आणि आठवणीचं पत्र आल्यावर माझ्याकडे पाठवलं. "मॅडम, सुट्टीत एवढं भरून टाका, सही मी करतो."

मी वीस मिनिटांत भरलं. सही साहेबांची होणार, मग वरिष्ठांच्या पाठिंब्याला 2 कसे देणार? 6 दिले. सगळीकडे 6 बरे दिसत नाहीत म्हणून अधूनमधून 5 टाकले. 'प्रशिक्षण पुरेसं होतं' याला आधी 3 लिहिले होते, मग प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर माझीच सही आहे हे आठवलं आणि 5 केले. 'प्रकल्पातून अपेक्षित लाभ मिळाले' याला 6. पाकीट गेलं. त्या आठ पानांचं पुढे एखाद्या शोधनिबंधात 'वरिष्ठ व्यवस्थापकांचा प्रतिसाद' असं रूपांतर झालं असणार, आणि पाठिंब्याचे 6 व लाभाचे 6 यांचा एकमेकांशी घट्ट संबंध आहे असं गणिताने दाखवलंही असणार. संबंध होताच! दोन्ही एकाच बाईने, एकाच सुट्टीत, एकाच पेनाने लिहिले होते. संशोधकांना हा धोका ठाऊक आहे, त्याला त्यांच्याकडे नाव आहे, तो तपासायच्या चाचण्याही आहेत. साहेबांच्या सहीमागे कोण बसलंय हे शोधणारी चाचणी मात्र माझ्या पाहण्यात नाही.

मी भरलेल्या उत्तरांच्या काळात खरं काय चाललं होतं ते आता लिहिते.

नवीन यंत्रणा सुरू व्हायच्या आधीचे दोन महिने आम्ही मास्टर डेटा भरत होतो. प्रत्येक वस्तूचा कोड, वर्णन, मोजमापाचं एकक, मागवल्यापासून किती दिवसांत येते, रॅक कोणता. साडेनऊ हजार वस्तू. भरायला मी, दोन क्लार्क आणि कन्सल्टंटकडची तीन नवखी मुलं. मुलं हुशार होती, पण वॉशर हातात धरलेला त्यांनी कधी पाहिला नसावा. लीड टाइमचा, म्हणजे मागवल्यापासून माल यायला लागणाऱ्या दिवसांचा, रकाना रिकामा ठेवला की यंत्र पुढे जाऊ देत नसे. म्हणून ज्या वस्तूचा आकडा सापडेना तिथे त्यांनी 30 दिवस टाकले. चार दिवसांत मिळणारा नट 30 दिवस आणि चार महिने लागणारं कास्टिंगही 30 दिवस. 'नंतर दुरुस्त करू' असं ठरलं होतं. त्यातले बरेच 30 मी निवृत्त झाले तेव्हाही तसेच होते.

वॉशरची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. स्टोअर्समध्ये वॉशर किलोवर यायचे आणि किलोवरच मोजायचे. डिझाइनवाल्यांच्या बीओएममध्ये, म्हणजे एका पंपाला लागणाऱ्या सुट्या भागांच्या यादीत, ते नगावर होते, एका पंपाला 16. दोन याद्या जोडताना एकक किलो झालं आणि आकडा 16 च राहिला. महिन्याला 250 पंप, म्हणजे 4000 वॉशर, एक वॉशर साधारण सहा ग्रॅमचा. लागणार होते 24 किलो, यंत्राने मागितले 4000 किलो. प्लॅनिंगच्या माणसाने यादीत 380 ओळींच्या मध्ये ती ओळ पाहिली आणि पुढे सरकला. पर्चेसनेही ऑर्डर सोडली, कारण 'सिस्टमने दिलंय'. शेवटी पुरवठादाराचाच फोन आला, "मॅडम, पंप बंद करून नुसते वॉशर विकायचं ठरलंय का?" तो माणूस वीस वर्षं आमच्याकडे माल टाकत होता म्हणून वाचलो.

पहिल्या तीन महिन्यांचा खरा छळ मात्र उणे साठ्याचा. रॅकवर उणे 37 सील कसे असतील? नसतातच. पण असेंब्लीने 'दहा पंप तयार' असं टाकलं की बीओएमप्रमाणे सगळे सुटे भाग यंत्र आपोआप वजा करतं. सील संपले म्हणून रात्रपाळीने दुसऱ्या जातीचे, तितकेच चांगले सील लावले, आणि डिझाइनची तोंडी परवानगीही घेतली. यंत्राला हे कोण सांगणार? त्याने जुनेच सील वजा केले. जुना उणे झाला, नवा कागदावर भरलेला आणि रॅकवर रिकामा. उत्पादन थांबू नये म्हणून 'उणे चालेल' हे बटण सुरुवातीलाच उघडं ठेवलं होतं. महिनाअखेरीला अकाउंट्सचे लोक स्टोअर्समध्ये येऊन डोक्याला हात लावून बसायचे.

त्यात रात्रपाळीला स्वतःचा पासवर्ड नव्हता. लायसन्स मोजकी, ती दिवसपाळीला वाटलेली. रात्री ट्रक आला की माल उतरवून घ्यायचा, चलन खिळ्याला अडकवायचं, सकाळी कोणीतरी येऊन 101 मारायचं. (आमच्याकडे 101 मारणं म्हणजे माल आत घेतल्याची नोंद आणि 261 म्हणजे ऑर्डरवर काढल्याची. भाषा बदलली ती अशी, 'बेअरिंग दिलं' म्हणणारे लोक 'बेअरिंगला 261 झालं' म्हणायला लागले.) सकाळी 101 पडायच्या आत त्यातला निम्मा माल लाइनवर गेलेला असे. मग 261 आधी आणि 101 नंतर. पुन्हा उणे.

म्हणून मी एक वही सुरू केली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. रॅकवर खरं काय आहे ते त्यात. दिवसपाळी, रात्रपाळी, दोघांचं अक्षर. वही माझ्या ड्रॉवरमध्ये असायची आणि कारखाना त्या वहीवर चालायचा. प्लॅनिंगचा माणूस आकडा स्क्रीनवर बघायचा आणि खात्रीसाठी मला फोन करायचा. मी वहीतून सांगायचे. वर्षभराने आढाव्याच्या बैठकीत कन्सल्टंटनी 'युजर ॲडॉप्शन उत्तम', म्हणजे सगळे यंत्रणा छान वापरतात, असं पडद्यावर दाखवलं तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

लेखात 'यश' म्हटलं ते हेच होतं का, हा माझा प्रश्न. यंत्रणा बंद पडली नाही. पैसे वाया गेले असंही म्हणणार नाही, कारण तिसऱ्या वर्षापासून साठ्याचा आकडा बराच ताळ्यावर आला आणि वहीची पानं कोरी राहायला लागली. सॉफ्टवेअरचा दोष तर नव्हताच. त्याने प्रत्येक वेळी त्याला सांगितलं तेच केलं. पण दुसऱ्या वर्षी त्या प्रश्नावलीत पडलेला 6 खोटा होता, आणि तो मी दिला होता.

विषयावरच्या सगळ्या संशोधनाला मी नावं ठेवत नाही. उलट, निवृत्तीनंतर भाचीमुळे (ती याच विषयात पीएच.डी. करते) त्यातलं बरंच माझ्या वाचनात आलं आणि काही ठिकाणी आपल्याच स्टोअर्समध्ये कोणीतरी लपून बसलं होतं की काय असं वाटलं.

1997 साली हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग या तिघांनी 'बुलव्हिप' म्हणजे आसुडासारख्या फटक्याची कारणं मांडली. गिऱ्हाइकाची मागणी जराशी हलते, दुकानदाराची ऑर्डर जास्त हलते, घाऊक व्यापाऱ्याची त्याहून, कारखान्याची त्याहून. हे जे डब्ल्यू. फॉरेस्टर या अमेरिकन अभ्यासकाने 1958 मध्येच दाखवलं होतं, या तिघांनी कारणं वेगळी केली: मागणीच्या अंदाजावर अंदाज चढवत जाणं, ऑर्डरी साचवून एकदम देणं, किमतींची चढउतार, आणि टंचाईत मुद्दाम जास्त मागणं. चौथं कारण वाचलं आणि हसू आलं. बेअरिंगची टंचाई होती तेव्हा आमच्या चारही लाइनींनी दुप्पट इंडेंट टाकले होते, 'दुप्पट मागा, निम्मं तरी मिळेल' म्हणून. मी त्यावर माझे दहा टक्के वाढवले, प्लॅनिंगने त्याचे, पर्चेसने आकडा पूर्ण पेटीत बसवला. पुरवठादाराने जादा पाळी लावली. दोन महिन्यांनी बेअरिंग ठेवायला जागा नव्हती आणि त्या बिचाऱ्याला आम्ही पुढचे चार महिने एकही ऑर्डर दिली नाही. विद्वानांनी याला दिलेलं नाव मला तेव्हा माहीत असतं तर काही वेगळं केलं असतं का? बहुतेक नाही. टंचाईत शेजारची लाइन दुप्पट मागते हे दिसत असताना आपण शहाण्यासारखं एकपट मागणं फार अवघड असतं.

तसाच अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचा 'बिअर गेम', पुरवठा साखळी समजावणारा खेळ. आम्हाला एका प्रशिक्षणात खेळायला लावला होता. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना असे चौघं. गिऱ्हाइकाची मागणी आठवड्याला 4 पेट्यांवरून एकदाच 8 होते आणि तिथेच राहते, एवढंच घडतं. तरीही साखळीच्या शेवटी ऑर्डरी चाळीस-पन्नासवर जातात, मग शून्यावर येतात. जॉन स्टर्मन यांनी 1989 च्या निबंधात अशा खेळांची आकडेवारी मांडली. खेळाडूंचा सरासरी खर्च उत्तम खेळीच्या सुमारे दहापट होता, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे आपण दिलेली पण अजून न आलेली ऑर्डर लोक हिशेबात धरतच नाहीत. मी त्या दिवशी कारखाना होते. गिऱ्हाइकाने काय मागितलं असेल असं शेवटी विचारलं तेव्हा मी डोंगर-दऱ्यांसारखी रेघ काढली होती. खरी रेघ सपाट होती, एक पायरी सोडली तर.

यंत्रातल्या साठानोंदींबद्दल माझ्या मते सगळ्यात मोलाचं काम डीहोरेशस आणि रमण यांचं आहे, 2008 सालचं. त्यांनी कोणाला मत विचारलं नाही. एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीच्या 37 दुकानांतल्या जवळपास 3 लाख 70 हजार साठानोंदी घेतल्या आणि प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिल्या. 65 टक्के नोंदी चुकीच्या निघाल्या. त्या कंपनीत कोणी प्रश्नावली पाठवून 'आपली साठानोंद कितपत अचूक आहे' विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं? माझ्यासारखी कोणीतरी 6 देऊन मोकळी झाली असती.

अँड्र्यू मॅकॅफी यांनी 2002 च्या निबंधात एकाच उत्पादक कंपनीचा ईआरपी येण्याआधीपासून नंतरपर्यंत माग काढला. यंत्रणा सुरू झाल्याबरोबर वेळेवर माल जाण्याचं प्रमाण घसरलं, मग काही महिन्यांत सुधारलं आणि आधीपेक्षा वर गेलं. हे वाचून मला बरं वाटलं, खोटं का सांगू. पहिल्या महिन्यांत वाटायचं की आपल्यालाच जमत नाहीये. मार्कस आणि टॅनिस यांनी तर 2000 सालीच या काळाला वेगळा टप्पा म्हणून नाव दिलं होतं, 'शेकडाउन', हादरे बसण्याचा काळ. आमच्या कन्सल्टंटच्या तक्त्यात मात्र 'गो-लाइव्ह'च्या, म्हणजे यंत्रणा सुरू होण्याच्या, रेघेनंतर थेट 'आधार सेवा' होती. हादऱ्यांना रकानाच नव्हता.

याच्या शेजारी 'यशाचे निर्णायक घटक' सांगणाऱ्या निबंधांचा ढीग ठेवा. टोनी सोमर्स आणि क्लारा नेल्सन यांनी 2001 मध्ये 22 घटकांची यादी दिली, तिच्यात वरिष्ठांचा पाठिंबा अगदी वर. यादी चुकीची नाही. पण त्यानंतर त्याच यादीत एक घटक घालून, एक काढून, दुसऱ्या उद्योगाला, दुसऱ्या देशाला तेच विचारणारे किती निबंध निघाले! भाचीच्या संगणकावर मी मोजायला बसले आणि सत्तराव्याला थांबले. 'वरिष्ठांचा पाठिंबा हवा' हे समजायला सत्तर निबंध लागतात का? पाठिंबा म्हणजे नेमकं काय केलं, हे त्यांतल्या फार थोड्यांत आहे. आमच्या साहेबांचा पाठिंबा होता. उद्घाटनाला आले, नारळ फोडला. रात्रपाळीसाठी एक लायसन्स वाढवायचा माझा अर्ज त्यांच्याच टेबलावर सात महिने होता. याला 7 पैकी किती द्यायचे?

आणि उत्तरं देतं कोण? ज्या कंपनीत यंत्रणा टिकली ती. जिथे अर्ध्यात गुंडाळली तिथे प्रश्नावली भरायला कोणी बसत नाही. अपयश अभ्यासात येतं ते वर्तमानपत्रात मावण्याइतकं मोठं झालं तरच. म्हणून प्रत्येक वर्गात तीच तीन-चार नावं ऐकू येतात. 1999 मध्ये हर्षी या अमेरिकन चॉकलेट कंपनीचे ऐन हंगामातले सुमारे दहा कोटी डॉलरचे माल वेळेवर बाहेर पडले नाहीत. टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीने 2013 मध्ये कॅनडात दुकानं उघडली, वस्तूंच्या मास्टर डेटात मापांपासून चुका झाल्या, रॅक रिकामे आणि गोदामं तुडुंब, आणि 2015 च्या जानेवारीत 133 दुकानं बंद करायचा निर्णय. लिडल या जर्मन दुकानसाखळीने सात वर्षं आणि बातम्यांनुसार सुमारे 50 कोटी युरो घालवून 2018 मध्ये प्रकल्प सोडला. त्यात एक मोठा अडसर होता तो लिडल साठ्याचं मूल्य खरेदी किमतीवर धरत असे आणि सॉफ्टवेअरची मूळ रचना विक्री किमतीवर होती, हा. ही शेवटची गोष्ट मला फार जवळची वाटते. युरो बाजूला ठेवा, आमच्या किलो आणि नगांचंच ते थोरलं भावंड आहे. पण माझ्या कारखान्याएवढ्या हजारो ठिकाणी काय झालं ते कोणी लिहिलेलं नाही.

मग करायचं काय, असं भाचीने विचारलं. ती स्वतः प्रश्नावली घेऊनच माझ्याकडे आली होती! शंभराहून जास्त कंपन्यांना पाठवली होती, उत्तरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि मार्गदर्शकांनी संख्या वाढवायला सांगितली होती. "आत्या, तू भर ना, तुला सगळं माहितीय." मी म्हटलं, एकदा भरली, आता नाही. मग तिला एक गोष्ट दाखवली, ती इथे लिहिते कारण आपले वाचक असलेले काही प्राध्यापक ती वाचतील.

प्रत्येक नोंदीला यंत्रात दोन तारखा असतात. एक, माल कधी हलला म्हणून आपण स्वतः टाकतो ती. दुसरी, नोंद कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या नावाने केली ती, आणि ही यंत्र स्वतः लावतं, आपल्याला बदलता येत नाही. या दोहोंतलं अंतर काढा. रात्री आलेल्या मालाचं 101 सकाळी दहाला, शुक्रवारचं सोमवारी, महिन्याभराचं महिनाअखेरीला एका तासात दोनशे ओळी, हे सगळं तिथे आहे. उलटवलेल्या नोंदी मोजा, आमच्या भाषेत 102 आणि 262. मोजणीनंतर फरक मिटवण्यासाठी टाकलेल्या नोंदी मोजा. रात्री अडीच वाजता दिवसपाळीच्या क्लार्कच्या नावाने किती नोंदी आहेत ते बघा, म्हणजे पासवर्ड किती जण वापरतात ते कळेल. लीड टाइमच्या रकान्यात 30 हा आकडा किती वेळा आहे तेही. एवढ्यावरून एखाद्या कंपनीत ईआरपी किती मुरलं आहे हे जितकं कळेल तितकं 7 गुणांच्या कोणत्याही पट्टीवरून कळणार नाही. शिवाय त्यात कोणाचं मत नाही, कोणाचा मान राखायचा नाही.

कंपन्या हा डेटा बाहेर देणार नाहीत, असं भाची म्हणाली. बरोबर आहे. किमती आणि गिऱ्हाइकांची नावं देऊच नयेत. पण तारखा, वेळा आणि नोंदीचा प्रकार, एवढंच नावं पुसून द्यायला काय हरकत आहे? आपल्या वाचकांत कारखाने चालवणारेही असतील, त्यांना माझी ही विनंती समजा. आणि विद्यापीठांनी विद्यार्थ्याला तीन वर्षांत दीडशे प्रश्नावल्या गोळा करायला लावण्याऐवजी तीन महिने एका स्टोअर्समध्ये, त्यातही एक महिना रात्रपाळीला बसवावं. निबंधात 'नमुना संख्या: एक' असं लिहावं लागेल. मॅकॅफींची संख्याही एकच होती.

भाचीने मार्गदर्शकांना विचारलं. ते आधी कुरकुरले, मग म्हणाले, एक प्रकरण अशा पद्धतीने करून बघ. माझ्या जुन्या कारखान्यात नवे साहेब आले आहेत, त्यांनी तारखांचा डेटा द्यायचं कबूल केलं आहे. निवृत्तीच्या दिवशी निळी वही मी घरी आणली होती, तीही तिला दिली आहे, यंत्रातल्या नोंदींशी ताडून बघायला. वहीत रात्रपाळीचं अक्षर माझं नाही. ज्यांचं आहे ते आता दुसऱ्या कारखान्यात आहेत. कोणी अभ्यासाला येणार असेल तर भेटायला तयार आहेत, फक्त पाळी संपल्यावर या म्हणाले, सकाळी सातनंतर.

आपली,
एक निवृत्त स्टोअर्सप्रमुख